ही शुभाताई कोण?

मुलुंड पूर्व
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

गंधाली,

चि., अनेक आशीर्वाद वगैरे गृहीत धर. आज लिहायची इच्छा नाही.

तुमचं निमंत्रण मिळालं. 'लगोरी परिवारातर्फे ज्येष्ठ मार्गदर्शक श्री. श्यामकांत गुप्ते यांचा सत्कार. शनिवारी सायंकाळी, अंधेरी पश्चिम. सपत्नीक उपस्थितीची विनंती.' ही पत्नी म्हणजे मीच ना? घाटकोपरचं घर सोडून तीन वर्षं मुलुंडला एकटी राहणारी? म्हणजे तुझ्या बाबांना शाल आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. मला काय देणार आहात, गजरा?

आधी मला कळेचना, यांचा सत्कार कशाबद्दल? लगोरी ही कॉम्प्युटरची भाषा, आणि तुझ्या बाबांनी तिच्यात शेवटचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तू चौथीत होतीस. मग काल बोरिवलीहून नंदू परबचा फोन आला. आपल्या मेलिंग लिस्टवरचा जुना माणूस, आठवत असेल तुला. चिडला की मालवणीवर येतो. म्हणाला, "शुभाताई, तुमचा नाव खय गेला?" मी म्हटलं, कुठे गेलं? तो म्हणाला, फोरम उघडा नि बघा.

उघडला बाई तुझा फोरम. रंग बघितले, बिल्ले बघितले, कुणी काही लिहिलं की खाली हृदय दाबायची सोय बघितली. ते सगळं तुमचं तुम्हाला लखलाभ. वीस वर्षं लगोरीची माणसं मेलिंग लिस्टवर बोलत होती. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांच्या इनबॉक्सात जायची, ज्याला येतं तो उत्तर द्यायचा, तेही सगळ्यांना जायचं. तू आणि तुझ्या ऑफिसातल्या त्या ओजसने ठरवलं की हे आता जुनं झालं, वेबसाइट हवी. ठीक आहे, ठरवा. मला विचारलं नाहीत, तेही सोडलं. पण जुन्या सगळ्या मेल तुम्ही तिकडे ओतल्यात आणि त्यात मी लिहिलेली झाडून सगळी उत्तरं कुणाच्या नावावर आहेत? श्यामकांत गुप्ते. सुवर्ण बिल्ला. सर्वाधिक उत्तरं देणारे सदस्य. वर महाबळेश्वरचा फोटो, तोही मी काढलेला!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्येक उत्तराखाली लोकांनी लिहिलेलं तसंच आहे. 'शुभाताई, चाललं, धन्यवाद.' 'शुभाताई, तुम्ही नसतात तर नोकरी गेली असती.' वर फोटो मिशीवाल्या बुवांचा आणि खाली शुभाताई! कुणी विकी नावाच्या पोराने विचारलंय, 'ही शुभाताई कोण? त्या काळचा बॉट होता का?' म्हणजे मी आपोआप उत्तरं देणारं यंत्र! त्याला लोकांनी हसरे चेहरे दिलेत. त्याची काय चूक, त्याला काय माहीत. पण त्या फोरमची चालक तू आहेस. तू ते वाचलं असणार. आणि गप्प बसलीस.

निमंत्रणात खाली बारीक अक्षरात पुस्तिकेचंही आहे. 'निवडक उत्तरं', लेखक श्यामकांत गुप्ते, गुरुवारी छापायला जाणार, शनिवारी प्रकाशन. त्यातलं एकही उत्तर त्यांचं नाही. तुला हे माहीत आहे, तू त्या घरात वाढलीस. गुरुवारच्या आत दुरुस्त कर.

आई


मुलुंड पूर्व
मंगळवार, ११ फेब्रुवारी

गंधाली,

तुझं उत्तर आलं. माझी अख्खी मेल खाली तशीच ठेवून वर स्वतःचं लिहिलंयस. लिस्टवर असं केलं की मी ओरडायचे. ज्या ओळीला उत्तर द्यायचं ती वर घ्यावी आणि तिच्याखाली आपलं लिहावं, म्हणजे कुठला मुद्दा गिळला ते उघडं पडतं. बघ, असं.

> आई, हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. जुन्या मेल आणताना स्क्रिप्ट पत्ता बघते आणि त्या पत्त्याचं खातं बनवते. पत्ता बाबांचा होता.

पत्ता घराचा होता. त्यांच्या नावाने घेतला, कारण टेलिफोन त्यांच्या नावाने होता, गॅस त्यांच्या नावाने होता, रेशनकार्ड त्यांच्या नावाने होतं. त्या गॅसवर स्वयंपाक कोण करत होतं, तेही तुझ्या स्क्रिप्टला विचार.

> खालची सही स्क्रिप्टने कापली. दोन रेघांच्या खालचा मजकूर फालतू समजून काढतात, सगळीकडे तसंच करतात.

फालतू! दोन रेघा ओढायच्या आणि खाली नाव लिहायचं, ही पद्धत आमच्या लिस्टवर मी सांभाळली. तेव्हा एका घरात एकच पत्ता असायचा आणि लिहिणारे दोघं-तिघं असायचे, म्हणून. तुमच्या स्क्रिप्टने नेमकं तेच उडवलं. बरं, स्क्रिप्ट म्हणजे शेवटी एक प्रोग्रॅम, तिला अक्कल नसते, मान्य. ती चालवल्यावर एकदा डोळ्यांनी बघायचं असतं, हे मी कॉम्प्युटरच्या वर्गात पोरांना बारा महिने सांगायचे. तू माझ्या वर्गात नव्हतीस ते बरंच झालं म्हणायचं.

> लिस्ट आता कोणी वापरत नाही. नवीन मुलांना मेल नको असते. आणि तिथे स्वरदाशी लोक कसे बोलले ते आठव. फोरमवर मी तो घाणेरडा मजकूर पाच मिनिटांत काढला असता.

स्वरदाच्या बाबतीत तू बरोबर आहेस. ती नवीन पोरगी, साधा प्रश्न विचारला तिने, आणि तो टिनपाट तिला वाट्टेल ते बोलला. मी त्याला सगळ्यांदेखत झाडला, पण ती मेल सगळ्यांच्या घरी जाऊन बसली होती, परत बोलावता आली नाही. स्वरदा गेली ती गेलीच. त्यासाठी फोरम हवा म्हणतेस, तर हवा. मी कुठे नाही म्हणते? पण एकाच्या हातात सगळ्यांचं लिहिलेलं काढायची कळ आली आणि पहिलं गेलं ते माझं नाव. त्या टिनपाटाचा मजकूर बघितलास? तो तसाच आहे तुझ्या फोरमवर. व्यवस्थित, त्याच्या स्वतःच्या नावाने.

> खातं तुझ्या नावावर करायचं तर खात्री करणारी मेल त्या पत्त्यावर जाते, म्हणजे बाबांना. बायपास झाल्यापासून ते खचलेत. या सत्काराचं सांगितलं तेव्हा किती दिवसांनी हसले. त्यांना धक्का बसेल. शनिवार होऊ दे ना, नंतर मी शांतपणे सगळं दुरुस्त करते.

म्हणजे मी लिहिलेलं माझं आहे, हे तुझ्या बाबांनी बटण दाबून मान्य करायचं! व्वा. झकास व्यवस्था आहे.

आणि 'नंतर'चं मला सांगू नकोस. लग्नानंतर एम.एस्सी. कर, मूल मोठं झाल्यावर नोकरी कर, सासूबाई गेल्यावर हवं ते कर. नंतर नंतर करत साठी आली माझी. छापलेलं पुस्तक नंतर दुरुस्त होतं का गं?

> आणि खरं सांगू? माझ्या दहावीला तू लिस्टवर होतीस.

होते. तुला दूध देऊन, गणिताचा पेपर सोडवायला बसवून, शेजारच्या टेबलावर होते. तुझे बाबा त्या वर्षी रोज संध्याकाळी क्लबात कॅरमला जायचे. तुला त्यांचं ते दिसत नाही. माझं दिसतं, कारण मी समोर बसलेले होते.

आई


मुलुंड पूर्व
बुधवार, १२ फेब्रुवारी

गंधाली,

काल संध्याकाळपासून तुझं उत्तर नाही. फोन केला तर कट केलास आणि मेसेज टाकलास, 'मीटिंगमध्ये आहे'. मालाडच्या ऑफिसात काय अणुबॉम्ब बनवता का, की आईशी दोन मिनिटं बोलता येत नाही?

ठीक आहे. मी लिस्टवर लिहिलं आहे. लिस्ट अजून जिवंत आहे, महिनाअखेरीस बंद करणार आहात म्हणे. आता तिथे आलेली प्रत्येक मेल आधी चालकाच्या रांगेत थांबते, तो मंजूर म्हणाला की मग सगळ्यांना जाते. चालक तूच आहेस. म्हणजे ती आत्ता तुझ्यासमोर आहे. तरी उगाच 'मी बघितलीच नाही' म्हणायला जागा नको, म्हणून इथे परत देते:

'लगोरीच्या मित्रांनो, फोरमवर श्यामकांत गुप्ते या नावाखाली दिसणारी उत्तरं, अगदी सुरुवातीची काही सोडली तर, मी लिहिलेली आहेत. आमच्या घरात मेलचा पत्ता एकच होता. प्रत्येक मेलखाली माझं नाव असायचं, ते फोरमवर आणताना कापलं गेलं. कुणाकडे जुन्या मेल असतील तर उघडून बघा. शुभा गुप्ते, मुलुंड.'

तुझं नाव त्यात घेतलेलं नाही. स्क्रिप्ट कुणाची, हेही लिहिलेलं नाही. तुझ्या बाबांबद्दल एक वाकडा शब्द नाही. 'त्यांना धक्का बसेल' या तुझ्या धमकीमुळे मी त्यांना फोनसुद्धा केलेला नाही. एवढं सांभाळून मी आयुष्यात कुणाला लिहिलं नसेल.

अजून एक सांगते. लिस्ट उभी केली तेव्हा मालकीणबाई म्हणून मी स्वतःसाठी एक पासवर्ड ठेवला होता. तुम्ही एवढे हुशार लोक, पण तो कोणी बदललेला नाही. सकाळी बघितलं, चालतो. म्हणजे ती मेल मी माझ्या हाताने सोडू शकते. सोडणार नाही. ती तू सोडावीस अशी माझी इच्छा आहे. का, ते विचारू नकोस. इच्छा आहे.

रांगेत दोनच बटणं असतात. उद्या सकाळपर्यंत वाट बघते.

आई


मुलुंड पूर्व
गुरुवार, १३ फेब्रुवारी

गंधाली,

नामंजूर!

सकाळी चहाचा कप हातात होता आणि मशीनची मेल आली. 'आपला संदेश नाकारण्यात आला आहे. चालकाने दिलेलं कारण: कारण दिलेलं नाही.' कप ठेवला.

त्या लिस्टवर मी वर्षानुवर्षं चालक होते. औषधं विकणारे यायचे, घाणेरडे फोटो पाठवणारे यायचे. त्यांनासुद्धा नाकारताना मी एक ओळ लिहायचे, 'ही जागा त्यासाठी नाही'. कारणाचा रकाना रिकामा मी कुणालाच पाठवला नाही. तू तो पाठवलास तो थेट आईला. निदान 'बाबांसाठी' असे दोन शब्द लिहायचे होतेस. मी चिडले असते, पण मला कळलं असतं.

मी तीच मेल परत टाकली आणि माझ्या पासवर्डने आत जाऊन मंजूर केली. लपूनछपून केलेलं नाही. कोणी सोडली त्याची नोंद तिथे राहते, आणि तिथे माझं नाव आहे. आत्तापर्यंत ती सगळ्यांच्या घरी पोचली असेल, तुझ्या बाबांच्यासुद्धा. आता तुझ्या फोरमवर हवी तेवढी बटणं दाब.

त्यांना जर खरंच काही झालं तर तू मला जन्मभर बोलशील, हे मला माहीत आहे. ते डोक्यात ठेवूनच मी बटण दाबलंय. दुपारभर फोन हातात घेऊन बसले होते. वाजला नाही.

आई


मुलुंड पूर्व
रविवार, १६ फेब्रुवारी

गंधाली,

लिस्टवर काय झालं ते तुला दिसलंच असेल, पण तू वाचलं नसशील, म्हणून सांगते.

नंदूने सगळ्यात आधी एक जुनी मेल शोधून लिस्टवर टाकली, खाली माझ्या नावासकट. मग मानखुर्दच्या रत्नप्रभाने टाकली. मग अशा लोकांनी टाकल्या ज्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत. कुणी नाशिकचा, कुणी हुबळीचा, एक बाई तर थेट टोरांटोहून. प्रत्येकाकडे माझं नाव त्यांच्या त्यांच्या मेलच्या डब्यात पडून होतं. तुमचा फोरम सुंदर असेल, पण तो एका जागी आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे. हे मला तुझ्याशी वाद घालायला सांगायचं नाहीये. मला रडू आलं, म्हणून सांगतेय. त्या विकीनेही लिहिलं, 'सॉरी मॅडम'. गुणी पोरगा आहे.

आणि शुक्रवारी तुझ्या बाबांची मेल आली, लिस्टवर, सगळ्यांना. 'शुभाने लिहिलं ते बरोबर आहे. पहिली दहा-बारा उत्तरं माझी, पुढची सगळी तिची. मला वाटलं पहिल्या लोकांपैकी म्हणून मला बोलावतायत. पुस्तिकेत काय आहे ते मला कोणी दाखवलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.'

विचारलं असतं तर! हा माणूस मला आयुष्यभर असाच छळत आला. काही लपवायचं नाही आणि आपणहून काही सांगायचं नाही. पण ते असो. मुद्दा हा की त्यांना धक्का बसला नाही. ते कोसळले नाहीत. तू त्यांना विचारलंच नव्हतंस.

मी अंधेरीला आले नाही. म्हटलं तुम्ही काय करायचं ते करा. आज सकाळी तुझे बाबा इथे आले. लिफ्ट बंद, तीन मजले चढून, दारात धापा टाकत उभे. मी म्हटलं, अक्कल आहे का, बायपास झालाय ना? आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी शाल टेबलावर ठेवली. म्हणाले, "स्टेजवर सांगितलं मी, ही तिची आहे, तिला नेऊन देतो." मग पिशवीतून पुस्तिका काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मात्र माझं ऐकलं नाही हं गंधालीने. मी दोनदा सांगितलं होतं."

मुखपृष्ठावर लिहिलंय, 'श्यामकांत व शुभा गुप्ते'.

व!

गुरुवारी तू छापखान्यात धावलीस, हे त्यांनीच सांगितलं; मला वाटलं, माझं नाव घालायला धावलीस. आणि तू एक 'व' घालून आलीस. तो माणूस स्वतः सांगतोय की माझं नाव काढा, तरी ते राहिलं. राहिलं आणि पहिलं राहिलं. त्यांना चहा दिला, रिक्षात बसवलं, वर आले आणि तुला एका शब्दाची मेल टाकली. 'का?'

आणि तू उत्तर दिलंस. या आठवड्यात पहिल्यांदा तासाभरात.

> एका पानावर तरी तुम्ही दोघं एकत्र असावं असं वाटलं.

वाचलं. परत वाचलं. मग भांडी घासली, कामाची बाई घासून गेली होती तरी.

म्हणून ते 'सपत्नीक' होतं तर. आणि म्हणून मेल नाकारलीस, आणि कारण लिहिता आलं नाही. तीस वर्षांची घोडी झालीस, पगार माझ्या तिप्पट घेतेस, आणि अजून तुला आम्ही दोघं शेजारी शेजारी हवे आहोत. हे तीन वर्षांत एकदाही बोलली नाहीस. मी घर सोडलं त्या दिवशी तू सामान टेम्पोत चढवायला मदत केलीस आणि 'पोचलीस की कळव' म्हणालीस. मला वाटलं, हिला काही फरक पडत नाही. मी मूर्ख आहे, पण तूही काही कमी नाहीस.

वाईट वाटलं मला. खूप वाटलं. पण गंधाली, ते पान माझं होतं गं. लग्न आमच्या दोघांचं होतं, घर दोघांचं होतं, तू दोघांची आहेस. ती उत्तरं एकटीची होती. स्वयंपाक उरकून, पेपर तपासून, सासूबाईंची औषधं देऊन जो वेळ माझा उरायचा त्यात लिहिलेली. मोडलेलं लग्न सांधायला तुला माझ्याकडची तेवढीच एक वस्तू सापडली का?

पुस्तिका परत छाप. एका नावाने. उरलेल्या प्रती रद्दीत घाल, मला काही वाटणार नाही. मग एखाद्या रविवारी आम्हा दोघांना तुझ्या घरी जेवायला बोलाव. सरळ बोलाव, सत्कार नको नि निमंत्रणपत्रिका नको. मी येईन. ते येतील की नाही ते तू त्यांना विचार. विचारलंस तर सांगतील.

आई